मांडवातला झारा कुणाच्या हातात?

कामं आवरली असतील तर रेडिओजवळ या, नसतील आवरली तर भाकरी थापता थापता ऐका. आज आम्ही स्वयंपाकाबद्दल बोलणार आहोत. "आता रेडिओवरून आम्हाला आमटी करायला शिकवणार की काय?" असं तुमच्यातली एखादी म्हणालीच असेल. नाही, आमटी शिकवणार नाही. तुमची आमटी आमच्यापेक्षा चांगली होते, हे गावोगावच्या बैठकांनंतर आम्ही जेवून पाहिलेलं आहे. बोलायचं आहे ते त्या आमटीला मिळणाऱ्या मोलाबद्दल, आणि ते मोल वाढवणाऱ्या शिक्षणाबद्दल.

एखाद्या लग्नात मांडवाच्या मागच्या बाजूला जाऊन बघा. भट्टीपाशी कोण उभं असतं? आचारी. आणि तो बहुतेक वेळा बाप्याच असतो. ऑर्डर त्याने घेतलेली, किराणाची यादी त्याने दिलेली, ताटाचा दर त्याने ठरवलेला. आपल्या बायका कुठे असतात? खाली बसून कांदा चिरत असतात, पुऱ्या लाटत असतात, पंगती उठल्यावर हंडे घासत असतात. पहाटे जातात, अंधार पडल्यावर घरी येतात आणि हातात रोजंदारी घेतात. घरातली चूल जन्मभर बाईची. पण ज्या स्वयंपाकाला पैसा आहे, तिथला झारा मात्र पुरुषाच्या हातात.

असं का होतं, यावर आमच्या बैठकांमध्ये पुष्कळ बोलणं झालं. आचाऱ्याच्या हाताला आपल्यापेक्षा जास्त चव असते का? तर नाही. पण त्याला तीन गोष्टी येतात. मोठं माप येतं, वेळ सांभाळता येते आणि पैशाचा हिशोब येतो. तोही आईच्या पोटातून शिकून आला नाही. पोरवयात कुणा जुन्या आचाऱ्याच्या हाताखाली राहिला, कांदे सोलले, शिव्या खाल्ल्या आणि शिकला. आपल्याला असं हाताखाली घेणारं कुणी नव्हतं. प्रशिक्षण म्हणजे काय, तर ही राहिलेली उमेदवारी. ती कुणाच्या शिव्या न खाता, ठरलेल्या दिवसांत पुरी करायची.

घरी मात्र पहिला प्रश्न येतो, "स्वयंपाक काय शिकायचा? इतकी वर्षं करतेस ना?" सासूबाई म्हणतात, मालक म्हणतात, कधी कधी आपणच म्हणतो. यावर भांडत बसू नका. शांतपणे विचारा की पाच माणसांच्या आमटीला एक चमचा मीठ लागतं, तर तीनशे माणसांच्या आमटीला साठ चमचे घालायचे का?

घालून बघितलंत तर पंगत उठून जाईल. मोठ्या स्वयंपाकात सगळं सारख्या पटीने वाढत नाही. मोठ्या पातेल्यात आतल्या आमटीच्या मानाने वरचं तोंड लहान पडतं, म्हणून पाणी कमी आटतं. पाणी पटीने वाढवलं तर आमटी पांचट होते. तिखट, मीठ, गरम मसाला आधी हात राखून घालायचा आणि चव घेऊन वाढवायचा. भाताचं पातेलं खाली उतरवलं तरी आतल्या उष्णतेने भात शिजतच राहतो. घरच्यासारखा पूर्ण मऊ होईपर्यंत ठेवला तर वाढेपर्यंत त्याचा गोळा होतो. या गोष्टी प्रशिक्षणात पहिल्या आठवड्यात शिकवतात. तिथे 'अंदाजे' या शब्दाला जागा नाही. प्रत्येक पदार्थाचा एक कागद करायचा. किती माणसांना, काय, किती किलो, किती ग्रॅम, आधी काय घालायचं, किती वेळ शिजवायचं. तो कागद भिंतीला लावला की तुम्ही आजारी पडलात तरी तुमच्या जोडीदारणीच्या हातून तीच चव उतरते. गिऱ्हाईक परत येतं ते याच भरवशावर.

आणि माप आपल्याला अगदीच नवं आहे असंही नाही. तुमच्या गावच्या शाळेत पोषण आहार शिजवणारी ताई आठवा. पहिली ते पाचवीच्या एका मुलामागे धान्य १०० ग्रॅम, डाळ २० ग्रॅम, भाजी ५० ग्रॅम, तेल ५ ग्रॅम असं ठरलेलं प्रमाण आहे. सहावी ते आठवीला धान्य १५० ग्रॅम, डाळ ३० ग्रॅम, भाजी ७५ ग्रॅम, तेल साडेसात ग्रॅम. म्हणजे लहान वर्गातली शंभर मुलं असली तर १० किलो तांदूळ, २ किलो डाळ, ५ किलो भाजी आणि अर्धा किलो तेल. ही ताई रोज ते सांभाळते, घंटा वाजायच्या आत शिजवते. हे धंद्याचं कसब आहे. पण गावात तिची ओळख काय, तर 'खिचडी शिजवणारी बाई'. कसब हातात आहे, त्याला नाव नाही आणि कागद नाही.

दुसरी शिकायची गोष्ट म्हणजे अन्न सुरक्षित ठेवणं. आपण घरी ताजं करतो, लगेच वाढतो, म्हणून निभावून जातं. तीनशे माणसांचं अन्न मात्र पहिल्या पंगतीपासून शेवटच्या पंगतीपर्यंत तीन-तीन तास उभं असतं. ५ अंश ते ६० अंश सेल्सिअस या तापमानात अन्नातले जंतू झपाट्याने वाढतात. म्हणून गरम पदार्थ ६० अंशांच्या वर ठेवायचा, म्हणजे वाफ निघत असली पाहिजे, आणि थंड पदार्थ ५ अंशांच्या खाली. शिजलेला भात कोमट अवस्थेत तासन्‌तास झाकून ठेवणं फार वाईट. भातातले काही जंतू शिजवूनही मरत नाहीत, बीजासारखे दडून राहतात आणि कोमट भातात पुन्हा वाढतात. त्यांनी तयार केलेलं विष नंतर गरम करूनही जात नाही. कच्च्या मांसाची सुरी-पाट वेगळे, कोशिंबिरीचे वेगळे. आधी आलेला माल आधी वापरायचा. हाताला जखम असली तर पट्टी आणि वर हातमोजा, जुलाब लागले असतील तर त्या दिवशी स्वयंपाकाला हात लावायचा नाही. एका जेवणात चाळीस जणांना उलट्या झाल्या तर गटाचं नाव बुडतंच, पण त्याआधी कुणाचं तरी लेकरू दवाखान्यात असतं. हे लक्षात ठेवूनच या धंद्यात पाय टाका.

तिसरी गोष्ट हिशोब. इथे आपण सगळ्यात जास्त मार खातो. एक उदाहरण सांगतो, कागद-पेन घ्या.

समजा, शंभर ताटांची ऑर्डर आहे. भाकरी, भरली वांगी, आमटी, भात, शेंगाची चटणी. किराणा आणि भाजीला ५,५०० रुपये लागले, म्हणजे ताटामागे ५५. आपण काय करतो? "पंचावन्न लागतात, नव्वद घेऊ," म्हणतो. नऊ हजार हातात आले, साडेपाच हजार गेले, साडेतीन हजार सुटले, म्हणून खूष होतो. पण गॅसचे ७०० कुठे गेले? टेम्पोचे ६००? भांड्यांच्या भाड्याचे ५००? हे १,८०० वजा केले की उरले १,७००. पाच जणी राबलो, प्रत्येकीला आले ३४०. त्यात आदल्या संध्याकाळची निवडणी-चिरणी धरलेलीच नाही.

आता हाच हिशोब नीट मांडू. माल ५,५००, गॅस-गाडी-भाडं १,८००, पाच जणींची मजुरी ४०० प्रमाणे २,०००. झाले ९,३००. नासधूस, सांडलवंड, ऐन वेळी वाढलेली पाच माणसं यासाठी ४५० राखून ठेवा. एकूण ९,७५०. म्हणजे ताट आपल्यालाच साडेसत्त्याण्णवला पडलं. ते नव्वदला देऊन आपण लोकांना पदरचं जेवू घालत होतो. दर सांगायचा १२०. मग प्रत्येकीची मजुरी सुटून गटाकडे २,२५० रुपये नफा राहतो, त्यातून पुढे स्वतःचं मोठं पातेलं घेता येतं. आकडे तुमच्या गावच्या बाजाराप्रमाणे बदलतील, रीत बदलणार नाही. आपली मजुरी हा खर्च आहे, ती नफ्यात मोजायची नाही. शिकायला गेलेल्या बायका परत आल्यावर सांगतात की सगळ्यात जास्त डोळे या एका धड्याने उघडले.

मग शिकायचं कुठे? वाटा बऱ्याच आहेत, आपापल्या वयाप्रमाणे आणि घरच्या परिस्थितीप्रमाणे निवडायच्या.

पहिली वाट ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, म्हणजे आरसेटी. बँकांनी चालवलेली ही संस्था जिल्ह्याच्या ठिकाणी असते. शिक्षण फुकट, राहणं-जेवणंही फुकट. फास्ट फूडचा गाडा चालवणं, पापड-लोणची-मसाले असे थोड्या दिवसांचे वर्ग असतात. शिकवून सोडून देत नाहीत, पुढे दोन वर्षं पाठपुरावा करतात आणि बँकेच्या कर्जासाठी मदत करतात. घर सोडून राहता येत नसेल तर ग्रामसंघाने एकत्र अर्ज करून गावातच वर्ग मागावा. बॅच कधी आणि वयाची अट काय, हे तिथेच विचारून घ्या.

दुसरी वाट आपल्या पोरींसाठी. दहावी झालेल्या मुलीला आयटीआयमध्ये फूड प्रॉडक्शन जनरल हा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे. बेकरीचाही वेगळा आहे. ज्या आयटीआयमध्ये तो चालतो तिथे अर्ज करायचा. त्याचं प्रमाणपत्र देशभर चालतं. वसतिगृह, रुग्णालय, कारखान्याचं कॅन्टीन, हॉटेल, कुठेही त्याच्यावर नोकरी मागता येते. ज्यांना लगेच पगार हवा, त्या ग्रामीण तरुण-तरुणींसाठी दीनदयाळ उपाध्याय ग्रामीण कौशल्य योजना २०१४ साली सुरू झाली. तिच्यात शिक्षणानंतर नोकरी लावून देण्यावर भर आहे.

बारावीनंतर मोठी झेप घ्यायची असेल तर हॉटेल मॅनेजमेंटची तीन वर्षांची पदवी आहे, त्याला देशपातळीवरची प्रवेश परीक्षा द्यावी लागते. मुंबईत दादरला या विषयाची सरकारी संस्था आहे. ती १९५४ साली सुरू झाली आणि सुरू केली बायकांनीच. लीलावती मुन्शी यांच्या पुढाकाराने अखिल भारतीय महिला केंद्रीय अन्न परिषदेने ती उभी केली. तेव्हा आपली मुलगी "मला शेफ व्हायचंय" म्हणाली तर हे पुरुषांचं काम म्हणून तिला अडवू नका. या शिक्षणाचा पाया इथे बायकांनी घातलेला आहे.

तिसरी वाट, वर सांगितलेल्या शाळेतल्या ताईसारख्या बायकांसाठी. काम येतं, पण शिकल्याचा कागद नाही. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेत २०१५ पासून अशी सोय केलेली आहे की आधीच येत असलेल्या कामाची परीक्षा घ्यायची, थोडं मार्गदर्शन द्यायचं आणि प्रमाणपत्र द्यायचं. जिल्हा कौशल्य विकास कार्यालयात याची चौकशी करा. वीस वर्षं भट्टीशेजारी बसलेल्या बाईला पुन्हा पहिलीत बसवायची गरज नाही, तिला तिच्या कामाची पावती हवी आहे.

शिकून झालं की पहिलं काम अन्न सुरक्षेची नोंदणी. २०११ च्या नियमांप्रमाणे वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना छोटी नोंदणी पुरत होती, तिचं शुल्क वर्षाला १०० रुपये ठरवलेलं होतं. अर्ज ऑनलाइन होतो. चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो बिलावर आणि डब्यावर छापा. अन्न हाताळणाऱ्या प्रत्येकीची वर्षातून एकदा वैद्यकीय तपासणी करून दाखला ठेवा. उद्यम नोंदणी आधार क्रमांकावर फुकट होते, त्यासाठी कुणाला हजार-पाचशे देऊ नका. हे कागद हातात असले तरच तहसीलच्या बैठकीचं जेवण, सरकारी प्रशिक्षणाचा चहा-नाश्ता, कॅन्टीनचं टेंडर तुमच्याकडे येऊ शकतं.

आता आमच्या प्रभागातली एक गोष्ट. आम्हाला ती सांगायलाच हवी.

आमच्या अकरा जणींनी मिळून प्रशिक्षण घेतलं आणि जेवणाच्या ऑर्डरी सुरू केल्या. त्यातली एक ताई सगळ्यांत हुशार. पती नाहीत, दोन मुली शाळेत. आधी मांडवात पुऱ्या लाटायला जायची. प्रशिक्षणात परीक्षकांनी तिच्या मापाच्या वहीचं कौतुक केलं. मुख्य भट्टी तिच्याकडे द्यायची, हे गटाने एकमताने ठरवलं. मग एक मोठी ऑर्डर आली, चारशे ताटांची. बोलणी झाली, आगाऊ रक्कम द्यायला घरधनी आले आणि हळूच म्हणाले, "तेवढी ती बाई स्वयंपाकाला नको. भांडी घासायला असली तर चालेल." कारण तुम्हाला आम्ही सांगायला नको. आपण सगळ्या गावातच राहतो.

त्या संध्याकाळी बैठक बसली. कुणी म्हणालं, पहिली मोठी ऑर्डर आहे, एकदा मान खाली घालू. कुणी म्हणालं, कर्जाचा हप्ता आहे. दोन्ही खरं होतं. ती ताई काहीच बोलली नाही, कोपऱ्यात बसून होती. शेवटी आमच्यातली सगळ्यात म्हातारी मावशी म्हणाली, "शिकायला गेलो तिथं मास्तरांनी स्वच्छता शिकवली ना? काय काय सांगितलं होतं?" सगळ्या बोलायला लागल्या. हात धुणं, नखं कापणं, केस बांधणं, पाणी गाळणं, भांडं झाकणं. मावशी म्हणाली, "ह्यात जात कुठं आली?"

ऑर्डर परत केली. तो हप्ता प्रत्येकीने थोडे थोडे घालून भरला. त्या घरातून पुन्हा कधी बोलावणं आलं नाही, अजूनही नाही. पण गटाच्या दरपत्रकात तेव्हापासून एक ओळ आहे: 'स्वयंपाक कोणी करायचा हे गट ठरवेल.' ती ओळ वाचूनही ऑर्डरी येतात. मुख्य भट्टीवर आजही तीच ताई असते. तिची थोरली यंदा दहावीला आहे आणि आयटीआयचं विचारते आहे.

मैत्रिणींनो, बायकांनी स्वयंपाकाचा धंदा करणं ही काही आजची गोष्ट नाही. मुंबईत गिरण्या चालू होत्या तेव्हा कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून गेलेल्या गिरणी कामगारांना डबा कोण घालत होतं? खाणावळी चालवणाऱ्या बायका. एका खोलीत दहा-पंधरा माणसांना जेवू घालायचं, वाणसामान उधारीवर आणायचं, सावकाराचं व्याज भरायचं. त्यांच्या कष्टाला कुणी धंदा म्हणत नव्हतं. गोवा मुक्तिलढ्यात भाग घेतलेल्या प्रेमाताई पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढून या बायकांना एकत्र केलं आणि बँकेचं कर्ज मिळवून दिलं. ज्यांच्याकडे तारण ठेवायला काही नव्हतं, त्यांना बँकेने दारात उभं केलं, कारण त्या एकमेकींच्या जामीन झाल्या. पुढे प्रेमाताईंना पद्मश्रीही मिळाली. आज आपण बचत गटात जे करतो त्याच्या मुळाशी अशा बायकांची पुण्याई आहे. त्यांच्याकडे प्रशिक्षण केंद्र नव्हतं. आपल्याकडे आहे.

एक सावधगिरीही सांगून ठेवतो. प्रमाणपत्र मिळालं की दुसऱ्या दिवशी पाचशे ताटांची ऑर्डर घेऊ नका. आधी आपल्याच ग्रामसंघाच्या सभेचं जेवण करा. मग बारसं, वास्तुशांत. पन्नास ताटं चुकत नाहीत असं झालं की शंभर. प्रत्येक ऑर्डरीनंतर काय उरलं, काय कमी पडलं, हे वहीत लिहा. आणि घरातली कामं वाटून घ्या. बाहेर शंभर ताटं करून घरी येऊन पुन्हा चूल पेटवायची असेल तर सहा महिन्यांत बाई थकते आणि धंदा बंद पडतो. मालकांना आणि पोरांना निदान भात लावायला शिकवा. ते प्रशिक्षण मात्र घरीच द्यावं लागेल.

तुमच्या पुढच्या बैठकीसाठी एक काम देतो. किराणा दुकानातून वजनकाटा मागून आणा. गटात जिची आमटी सगळ्यांना आवडते तिला ती करायला सांगा, पण हात लावायच्या आधी प्रत्येक जिन्नस काट्यावर ठेवायचा आणि सेक्रेटरीने लिहून घ्यायचा. डाळ किती ग्रॅम, चिंच किती, गूळ किती, मीठ किती, पाणी किती लिटर, किती मिनिटं उकळली, किती वाट्या झाली. खाली तिचं नाव लिहा आणि तो कागद इतिवृत्ताच्या वहीत चिकटवा. त्याच बैठकीत शिकायला कोण कोण जाणार, त्यांची नावं घ्या आणि यादी आमच्याकडे पाठवा. पुढचं आम्ही बघतो.